सेवा क्लबचं वर्ष कसं आखावं: तारखा, शिबिरं आणि हिशेब

रोटरी असो की लायन्स, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पदग्रहण होतं, नूतन अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर पडते आणि मग ‘या वर्षी काय काय घ्यायचं’ यावर बोलणं सुरू होतं. तोवर उशीर झालेला असतो. १ जुलैला डॉक्टर दिन आणि सीए दिन एकदमच येतात, ५ सप्टेंबरला शिक्षक दिन, १५ सप्टेंबरला अभियंता दिन. दिवस आयते हाताशी असल्यामुळे पहिली तिमाही शाल-श्रीफळात निघून जाते. सत्कारांना माझा विरोध नाही. पण वर्षाच्या अहवालात अकरा सत्कार आणि एक शिबिर असेल, तर त्या क्लबला सेवा क्लब का म्हणावं, हा प्रश्न गावानं विचारला तर राग मानू नये.

हा लेख तालुक्याच्या गावातल्या, तीस-चाळीस सभासदांच्या क्लबसाठी आहे. त्यातही प्रत्यक्ष काम करणारे दहा-बारा असतात, हे गृहीत धरून लिहिलं आहे. माझं सांगणं मुख्यतः तारखांबद्दल आहे. उपक्रम बहुतेक क्लबांचे तेच असतात. तो कोणत्या महिन्यात घेतला यावर तो कामाचा की नुसता फोटोपुरता हे ठरतं.

मे महिन्यातली बैठक

मावळते आणि येणारे अध्यक्ष, सचिव, खजिनदार असे सहा जण मे महिन्यात एका संध्याकाळी बसा. अख्खा क्लब नको. तीस जणांत तारीख ठरत नाही. समोर मागच्या वर्षाची वही ठेवा: कोणता उपक्रम झाला, किती लोक आले, खर्च किती, आणि प्रत्यक्ष उभं कोण राहिलं. हा चौथा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, पण नियोजन त्यावरच होतं.

या बैठकीत आधी दोन-तीन उपक्रम बंद करा. ‘दरवर्षी घेतो म्हणून’ याशिवाय कारण सांगता येत नसेल, तो उपक्रम थांबवला तरी गावाचं काही बिघडत नाही. मग उरलेल्यांपुढे प्रकल्प प्रमुखाचं नाव लिहा. नाव मिळालं नाही तर तारीख द्यायची नाही. ‘सगळे मिळून करू’ म्हटलेलं काम शेवटी सचिवाच्या गळ्यात पडतं.

विचारायला जा

बैठकीनंतरच्या पंधरवड्यात चार ठिकाणी जाऊन या: ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, जवळचं रक्तकेंद्र, एक-दोन शाळांचे मुख्याध्यापक आणि नगरपरिषदेचे मुख्याधिकारी. ‘आम्ही तुमच्यासाठी काय करू?’ असं विचारलं की उत्तर मोघम येतं. एखादा वॉटर कूलर, एखादी खुर्ची. त्याऐवजी ‘वर्षात तुमची अडचण कोणत्या महिन्यात होते?’ असं विचारा. रक्तकेंद्र एप्रिल-मे आणि दिवाळीची सुट्टी सांगेल. शाळेत जूनमध्ये वह्या वाटायला सगळेच येतात. डिसेंबर-जानेवारीत दहावीच्या मुलांना गणित-इंग्रजीचे सराव पेपर तपासून देणारं कुणी नसतं. क्लबमध्ये निवृत्त शिक्षक असतील तर या कामाला पैसाही लागत नाही.

भिंतीवरची दिनदर्शिका

आता मोठी दिनदर्शिका घ्या आणि जे आपल्या हातात नाही ते आधी लाल पेनानं लिहून काढा. आठवडी बाजाराचा वार, गावची जत्रा, पेरणीचे आठवडे, ऊसपट्टा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चालणारा गळीत हंगाम, बारावी-दहावीच्या परीक्षा, लग्नाच्या दाट तिथी. निवडणूक येऊ घातली असेल तर आचारसंहितेचा अंदाज. त्या काळात मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन विसरा आणि सरकारी सभागृहाचीही खात्री धरू नका.

मागच्या वर्षीच्या तारखा जशाच्या तशा उतरवू नका. अधिक मास आला की सणांचं गणित बदलतं. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती २५ जुलैला येते. त्यापुढचे गणपती, नवरात्र, दिवाळीही तसेच पुढे सरकतात.

पालखी मार्गावरच्या क्लबांना हे जास्त लागू आहे. सासवड, लोणंद, फलटण, बारामती, इंदापूर, अकलूज अशा गावांत वारकऱ्यांची सेवा हा वर्षातला मोठा उपक्रम असतो. तिथं एक निरीक्षण सांगतो. एकाच चौकात सहा मंडळं केळी आणि बिस्किटं वाटतात, आणि पालखी पुढे गेल्यावर सालींचा आणि द्रोणांचा खच पडतो. वारकऱ्याला लागतं ते पाय चेपून देणारा माणूस, फोडांना मलमपट्टी, प्यायचं स्वच्छ पाणी आणि शौचालय. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आधी भेटलात तर त्यांचं पथक कुठं उभं राहणार ते कळतं आणि तुमचा तंबू दोन किलोमीटर पुढं टाकता येतो. पालखी गेल्यावर दुसऱ्या दिवशी रस्ता झाडणारी दहा माणसं दिली तर नगरपरिषद तुम्हाला वर्षभर ओळख देईल.

लाल पेनाचं काम झालं की मोकळ्या जागांत उपक्रम बसवा. महिन्याला दोनपेक्षा जास्त नकोत, आणि तीन महिन्यांत मोठा एकच.

रक्तदान शिबिर: तारखेचं गणित

इथं जरा थांबू, कारण जवळजवळ प्रत्येक क्लब हे शिबिर घेतो आणि बहुतेक जण एकाच वेळी घेतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन, १४ जूनचा जागतिक रक्तदाता दिन, शिवाय नेत्यांचे वाढदिवस. त्या आठवड्यात रक्तकेंद्राचे फ्रीज भरून वाहतात. पण रक्त साठवून ठेवता येण्याला मर्यादा आहे. संपूर्ण रक्त नेहमीच्या पिशवीत ३५ दिवस टिकतं, वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी योग्य द्रावणात ४२ दिवसांपर्यंत, आणि प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. १५ ऑगस्टला घेतलेली पिशवी १९ सप्टेंबरच्या पुढे जात नाही.

दुसरी बाजू दात्याची. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस अंतर ठेवावं लागतं. १५ ऑगस्टला रक्त दिलेला पुरुष १३ नोव्हेंबरपर्यंत पुन्हा देऊ शकत नाही. म्हणजे बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेजं बंद आणि माणसं गावाला गेलेली असताना, तुमच्या गावातले नेहमीचे दातेही बाद झालेले असतात. उलट २६ जानेवारीला दिलेला पुरुष २६ एप्रिलला पुन्हा पात्र होतो, म्हणजे मेच्या टंचाईत तो उपलब्ध असतो. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

म्हणून माझा सल्ला असा: क्लबनं १५ ऑगस्टचं शिबिर सोडून द्यावं. एक शिबिर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि एक मेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी. दोन्ही वेळा लोक कमी येतील. मेमध्ये साठ पिशव्या मिळाल्या तर त्या ऑगस्टमधल्या दोनशेपेक्षा जास्त उपयोगी पडतात, हे सभासदांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आकड्यावरून हिरमोड होतो.

तारीख ठरली की तयारी अशी:

सहा आठवडे आधी परवानाधारक रक्तकेंद्राशी लेखी बोलणं करा. शिबिर रक्तकेंद्रच घेतं, क्लब यजमान असतो, हे विसरू नका. त्यांना तीन गोष्टी विचारा: त्या आठवड्यात किती पिशव्या लागतील, किती खाटा आणि किती कर्मचारी आणणार, आणि रक्तदात्याला जे कार्ड देणार त्याचा नेमका अर्थ काय. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. ‘कार्ड दाखवलं की कधीही फुकट रक्त’ असा समज पसरलेला असतो. रक्ताची किंमत कुठंच घेतली जात नाही, पण तपासण्या आणि प्रक्रियेचं शुल्क असतं. त्यात काय सवलत मिळेल ते रक्तकेंद्राकडून लिहून घ्या आणि तेवढंच लोकांना सांगा. नाहीतर सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता कुणीतरी अध्यक्षांना फोन करतं आणि क्लबचं नाव खराब होतं.

जागा तळमजल्यावरची, हवेशीर, हात धुवायला पाणी असलेली. मेमध्ये पत्र्याचं सभागृह नको. महावितरणच्या कार्यालयातून त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद नाही ना, याची चौकशी करा आणि तरीही जनरेटर सांगून ठेवा. वेळ सकाळी ८ ते १.

दात्यांची यादी आधीच बनवा. फलक पाहून येणारे थोडे. फोन केल्यावर येणारे जास्त. प्रत्येक सभासदानं पाच नावं द्यायची आणि त्यांना स्वतः फोन करायचा, तोही दोनदा: आठ दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी. फोनवरच प्राथमिक गोष्टी विचारून घ्या. वय १८ ते ६५ (पहिल्यांदाच देत असेल तर ६० पर्यंत), वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त, मागच्या रक्तदानाची तारीख, नुकतं गोंदवून घेतलं आहे का, कोणती औषधं चालू आहेत. अंतिम निर्णय शिबिरातले डॉक्टर घेतील. आणि हे प्रत्येकाला सांगा: उपाशीपोटी येऊ नका. रविवारी सकाळी उपास धरून ‘पुण्याचं काम’ म्हणून येणारे आजही असतात आणि खाटेवरून उठताना चक्कर येऊन पडतात. संकष्टी किंवा एकादशीला शिबिर न घेण्याचं कारणही हेच.

भेटवस्तूंबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. हेल्मेट, मिक्सर, सोडतीचं कूपन ही त्याच प्रकाराची मागची वाट आहे. वस्तूच्या मोहानं माणूस कावीळ, औषधं किंवा मागच्या महिन्यातलं रक्तदान लपवतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. चहा, बिस्किटं, केळं, प्रमाणपत्र. बस.

शिबिराच्या दिवशी सभासदांची कामं चार: नोंदणीच्या टेबलावर दोघं, डॉक्टरांच्या तपासणीबाहेर रांग सांभाळायला एक, खाटांजवळ हाताशी एक, आणि अल्पोपाहारापाशी दोघं. हे शेवटचे दोघं सगळ्यात महत्त्वाचे, कारण रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं दात्याला बसवून ठेवणं त्यांच्या हातात असतं. लोक लगेच गाडीला किक मारतात. उद्घाटन करायचंच असेल तर दहा मिनिटांत उरका. पाहुणे यायचे आहेत म्हणून सकाळी आठला आलेल्या दात्याला साडेनऊपर्यंत बसवून ठेवलं, तर पुढच्या वर्षी तो येत नाही.

हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्यांची यादी स्वतंत्र ठेवा. त्यात बायका आणि कॉलेजच्या मुली जास्त असतात. ‘तुमचं चालणार नाही’ एवढं ऐकून त्या निघून जातात. त्यांना एका चिठ्ठीवर आकडा लिहून द्या, ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी कुणाला भेटायचं ते सांगा आणि तीन महिन्यांनी त्यांना एक फोन करा. इनरव्हीलच्या (रोटरीशी नातं असलेल्या महिलांच्या क्लबच्या) भगिनी हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतात. मात्र रक्ततपासणीचे बाकीचे निकाल हा दाता आणि रक्तकेंद्र यांच्यातला गोपनीय विषय आहे. क्लबनं ते मागायचे नाहीत, कुणी सांगितलेच तर ऐकायचे नाहीत.

नेत्र शिबिर: बाजाराचा दिवस गाठा

रक्तदान रविवारी, पण डोळ्यांची तपासणी आठवडी बाजाराच्या दिवशी. मोतीबिंदूचे रुग्ण वाड्यावस्त्यांवर असतात, त्यांना मुद्दाम तालुक्याला आणायला घरात कुणाला सवड नसते. बाजाराच्या दिवशी ते एसटीनं किंवा वडापच्या जीपनं येतातच. बाजारतळापासून चालत जाता येईल अशी शाळा किंवा मंगल कार्यालय घ्या, वेळ ११ ते ४ ठेवा. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी पाहा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ‘डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करावं’ हा समज घट्ट आहे. डॉक्टर सांगतात की आताच्या शस्त्रक्रियेला ऋतूचा फरक पडत नाही, पण ज्यांच्यासाठी शिबिर आहे त्यांच्याशी भांडण्यापेक्षा तारीख थंडीत घेणं सोपं.

शिबिराच्या ठिकाणी फक्त तपासणी. शस्त्रक्रिया रुग्णालयातच, याबाबत कुठलीही सूट नाही. त्यामुळे आधी रुग्णालय ठरवा, त्यांचा दिवसाचा आकडा घ्या आणि तेवढेच रुग्ण निवडा. तीनशे जणांची तपासणी करून चाळीस जणांची सोय असेल तर उरलेल्यांना पुढची तारीख कागदावर लिहून हातात द्या. रक्तदाब आणि साखर त्याच दिवशी तपासा, नाहीतर रुग्णालयाच्या दारातून म्हातारी माणसं परत येतात. सोबत कोण येणार, त्याचा फोन नंबर, चालू गोळ्या, आधार कार्ड हे सगळं निवडीच्या वेळीच नोंदवून घ्या.

खरं काम शस्त्रक्रियेनंतरचं. दुसऱ्या दिवशीची तपासणी रुग्णालयात होते. आठवड्यानंतरची आणि महिना-दीड महिन्यानंतरची राहून जाते. या फेरतपासणीचा दिवसही बाजाराचाच ठेवा. थेंब दिवसातून किती वेळा घालायचे हे आजींना नाही, त्यांच्या सुनेला किंवा नातवाला समजावून सांगा. लायन्सच्या कामात दृष्टीचा विषय १९२५ पासून आहे. हेलन केलर यांनी तेव्हा त्यांच्या अधिवेशनात आवाहन केलं होतं. तुमच्या गावात दोन्ही क्लब असतील तर हे शिबिर मिळून घ्या, दोन वेगळ्या शिबिरांत तेच रुग्ण मोजण्यात अर्थ नाही.

वृक्षारोपण थोडक्यात

पन्नास झाडं, पाचशे नाही. खड्डे मेमध्ये काढून ठेवायचे, दोन-दोन फुटांचे. वड, करंज, कडुनिंब, बहावा, ताम्हण अशी इथली झाडं. ज्या जागेत कुंपण आणि पाणी नाही तिथं लावू नका. दोन उन्हाळे टँकरचा खर्च कोण देणार ते जुलैच्या आधी लिहून ठेवा. तेवढे पैसे नसतील तर झाडांची संख्या कमी करा.

गावाला कळवायचं कसं

फलकावर पाहुण्यांचे फोटो मोठे आणि वेळ बारीक अक्षरात, असं होतं. येणाऱ्या माणसाला पाहुणे नको असतात. व्हॉट्सॲपवर जाणारा मजकूर असा असावा:

‘मोफत डोळे तपासणी. मंगळवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी ११ ते दुपारी ४. नगरपरिषद शाळा क्रमांक २, बाजारतळाशेजारी. चालू गोळ्या, जुना चष्मा आणि आधार कार्ड आणा. शस्त्रक्रियेची गरज असल्यास तारीख त्याच दिवशी मिळेल. खर्च नाही.’

खाली तारीख आणि एकाच माणसाचा नंबर, जो फोन उचलतो. पण वाड्यावस्त्यांवर व्हॉट्सॲपपेक्षा आशाताई आणि शाळेतली मुलं जास्त पोचतात. मुख्याध्यापकांना भेटून परिपाठाच्या वेळी दोन वाक्यं सांगायला सांगा: ‘घरी आजी-आजोबांना दिसत नसेल तर मंगळवारी घेऊन या.’ रिक्षावर ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी आधी. आणि कार्यक्रम पुढे ढकलला तर ज्या ज्या ठिकाणी पहिली सूचना दिली, तिथं सगळीकडे दुसरीही द्या. हे काम कुणाचं ते आधीच ठरवलेलं बरं.

पैसा आणि कागद

क्लबचं वर्ष जुलै ते जून, सरकारचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. एका अध्यक्षाची कारकीर्द त्यामुळे दोन आर्थिक वर्षांत पडते आणि खजिनदार गोंधळतो. उपाय सोपा: ३१ मार्चला मधला हिशेब पूर्ण बंद करून तो बैठकीत वाचून दाखवायचा. मोठ्या देणग्या मागायच्या असतील तर फेब्रुवारी-मार्च गाठा, व्यापारी आणि डॉक्टर मंडळी करबचतीचा विचार तेव्हाच करत असतात.

सभासदांची वर्गणी आणि गावाकडून आलेली देणगी ही दोन वेगळ्या खात्यांत. जेवणावळीचा खर्च वर्गणीतून, शिबिराचा देणगीतून; यात सरमिसळ झाली की चर्चा गावभर होते. ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणारी, सवलत क्लबच्या ट्रस्टला असेल तरच पावतीवर तसं लिहा. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर दात्याला ती सवलत मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा ऑनलाइन घ्या आणि पॅन क्रमांक त्याच वेळी. वर्षअखेरीला पॅनसाठी फोन करत बसण्यासारखं दुसरं कंटाळवाणं काम नाही. ट्रस्टचे विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. दरवर्षी पदाधिकारी बदलणाऱ्या क्लबांत हे हमखास राहतं आणि पाच वर्षांचं एकदम साचतं.

उपक्रम झाल्यावर

आठ दिवसांत एका पानाचा अहवाल लिहून टाका. किती आले, किती परत गेले आणि का, खर्च, कोणत्या रुग्णाला पुढची तारीख दिली. प्रांतपालांच्या (आपल्या विभागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांच्या) भेटीसाठी जो अहवाल लागतो त्याचा नमुना वेगळा असतो, त्यात फोटो असतात. हा आपल्यासाठी आहे. फोटो काढताना रुग्णांना विचारा, आणि डोळ्याला पट्टी बांधलेल्या म्हातारीच्या हातात फळं देतानाचा फोटो कृपा करून काढू नका.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सचिवानं पुढच्या सचिवाला फाईल द्यायची. त्यात ही एकेक पानं, रक्तदात्यांची शेवटच्या रक्तदानाच्या तारखेसह यादी, हिमोग्लोबिन कमी निघालेल्यांपैकी कुणाला फोन व्हायचा आहे, मोतीबिंदूच्या कोणत्या रुग्णांचा चष्मा बाकी आहे आणि झाडांच्या टँकरवाल्याचा नंबर. पदग्रहणाच्या कार्यक्रमात नको, त्याच्या आधी एका सकाळी निवांत बसून.